उठलेल्याची जागा

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. माझा धाकटा भाऊ दिनेश मित्राकडे म्हणून गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन संपला. फोन त्या मित्राचा, नीलेशचा. तो रडत होता. तरी माझ्या मनात शंका शिरली ती शिरलीच. पुढे दिनेशचे कपडे, चष्मा, चपला सगळे घरी आले, कामाचा लॅपटॉप तेवढा आला नाही. दोघे एकाच कंपनीत, एकाच कामावर... एक गेला की त्याची जागा कोणाला मिळणार, हे चौथी शिकलेलीलाही कळते.

संशय तसा मला दिनेशच्या कामाचाही होता. अमरावतीत आम्ही दोघेच राहायचो. स्वयंपाकघरातल्या भिंतीला डोके टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तो फोनवर म्हणायचा, "पुसून टाक. ते बी पुसून टाक." दिवसभर पुसणारा माणूस लपवतो तरी काय? शेवटी विचारलेच. तो हसला. "ताई, कंपनीतले पोट्टे प्रोग्राम लिवतेत. तो जुळवून तपासाले मोठे कंप्युटर हायेत, बिल्ड सर्व्हर. त्याच्या पोटात मी कामापुरते खोटे कंप्युटर उभे करतो. काम झालं का पुसले. पंगतीतल्या पत्रावळीवानी."

"खोटे कावून?"

"एकच खरा वापरत राह्यलो त मांगचं खरकटं राह्यते न!"

त्या प्रत्येक खोट्या कंप्युटरला पत्ता लागतो, पंगतीतल्या जागेसारखा. एकदा त्याने पुसलेल्याचा पत्ता लगेच नव्याला दिला आणि जुन्याचे निरोप नव्याकडे जाऊन पडले. "मांगच्यानं मागतलेली जिलबी नव्याच्या पानात! सायबानं असा झाडला मले..." तेव्हापासून उठलेल्याची जागा तो काही काळ रिकामी ठेवायचा. निरोप वाढणारे वाढपी जुन्याला विसरेपर्यंत.

परवा नीलेश बॅग घेऊन आला. मी दाराआडूनच बोलले.

"लॅपटॉप कंपनीले वापस द्या लागते, ताई. पण तुमाले दाखवल्याबिगर नाही देत म्हटलं."

एवढी नम्रता मला खरी वाटेना. पाहुण्याला मी कधी उलट विचारत नाही, त्या दिवशी विचारले. "त्याचं समदं पुसलं असन तुमी?"

"त्याचे खोटे कंप्युटर पुसले, ताई. पुसाच लागते." तो खाली बघत होता. "पत्ते नाही देले कोणाले. अजून निरोप येऊन राह्यले त्याइवर."

"अन् त्याची जागा? तुमालेच भेटली न?"

"हो," तो म्हणाला. "मलेच."

खोटे बोलला असता तर मला रागावता आले असते... मी म्हटले, जेवून जा. सवयीने ताट भिंतीशी ठेवले. तिथे दिनेशच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. नीलेशने डाग पाहिला, ताट उचलले आणि एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसला.

त्याच्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण भाकरी वाढायला वळले, तर माझा हात आधी त्या डागाकडेच गेला.