किटलीचा छाप

नेपाळातल्या भोजपूरच्या बाजारात खुकुरी, म्हणजे बाकदार सुरा, घडवणारा म्हणून माझ्या थोरल्या भावाचं, गजवीरचं, नाव मोठं आहे. पण त्याच्या खुकुरीला पाणी देते ती आमची सुनकेसरी वहिनी. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून भाऊ पातं घडवतो. ते लाल झालं की वहिनी किटली उचलते आणि फक्त धारेवर बारीक पाणी सोडते. पाठीला थेंब लागू देत नाही.

एकदा पलटणीतून परतलेला पूर्णध्वज राई आपली खुकुरी होताना बघत बसला होता. म्हणाला, "पाण्यात कंजुषी कशाला, बहिनी? अख्खी बुडव, सगळी कडक होऊ दे."

"सगळी कडक झाली तर दणक्याला मोडेल, दाजू. कापायचं धारेनं, सोसायचं पाठीनं," वहिनी त्याला थोरल्या भावाच्या मानानं म्हणाली.

राईला पटलं नाही. मूठ बसल्यावर वहिनीनं खुकुरी म्हशीच्या हाडावर घातली. हाड दुभंगलं, धार शाबूत. मग गाठाळ ओंडक्यात पातं रुतवून पाठीवर घण हाणला. ओंडका फुटला, पाठीवर नुसता वण उठला.

राई हसला. "गजवीर, पात्यावर तुझं नाव कोर."

भावानं छिन्नी घेतली आणि पात्यावर छोटीशी किटली कोरली.

"आणि नाव?" राईनं विचारलं.

"तेच कोरलंय," भाऊ म्हणाला.