दवाखान्याच्या अंगणातला धुरा

“हात काढ. त्यांना थोडं डुगडुगू दे.”

माझ्या वरिष्ठ कटरे मॅडमनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. १९९९चा पावसाळा संपत आला होता. नागपूरहून फिजिओथेरपी शिकून मी गोंदियाच्या या दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते आणि केशोरीच्या दसारामजींना दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली होती. मी हात काढले. दसारामजी कलले, त्यांचा श्वास अडकला आणि आता पडणार तोच डावं पाऊल जमिनीत रोवलं गेलं. ते सावरले. मॅडमचे तळहात त्यांच्या कमरेजवळ तयार होते. लागले मात्र नाहीत.

“काऊन सोडलं वो बाई? मी पडलो असतो ना!” दसारामजी माझ्यावरच ओरडले.

“पडले का?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“मंग कायले बोंबलता? तुमच्या पायानं तुमाले धरलं. हिनं धरलं असतं, तं पाय कायले मेहनत करते?”

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या सेवाभावाबद्दल लिहावं, असं समितीनं मला सुचवलं आहे. तो शब्द मी वापरणार नाही. सेवा म्हणून माणसाला खाटेवर खिळवून ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. लेकरं घास भरवतात, सुना कूस बदलून देतात, मोठे डॉक्टर “आता घरी न्या, सेवा करा” म्हणून मोकळे होतात. उभं राहण्याची संधी तेवढी कोणी देत नाही. मॅडमनी आयुष्यभर ती दिली आणि त्यासाठी नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या.

दसारामजींच्या पत्नी सगुणाबाई एका सकाळी धावत आल्या. “म्याडम, चला! यायचा पाय नाचून राहिला. जीव आला पायात!” नवऱ्याचं पाऊल वर दाबलं की ते थडथडत राहायचं. सगुणाबाईंनी ते साऱ्या वॉर्डाला दाखवलं होतं. ती सुधारणा नव्हती. हे सांगताना दुसरं कोणी हसलं असतं. मॅडमनी सगुणाबाईंनाच स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला.

“तुम्ही उडवला का?”

“नाही जी. आपोआप उडला.”

“तसाच यायचा पाय नाचते. निरोप पाठीच्या कण्यात जाते अन् तिथूनच परत फिरते, डोक्याले कोणी पुसत नाही. आपलं डोकं त्याले आवरून धरते. लकव्यात ते आवरणं गेलं. तलावाच्या दारावर माणूस नसला, तं पाणी जोरात येते, पण बांधीतल्या धानाच्या कामी येते का?”

दसारामजी कोहळी समाजाचे, तलाव बांधणाऱ्यांच्या घरातले. खाटेवरून त्यांनी मान हलवली. “दारावर माणूस बसवा लागन म्हणा.”

“तेच तं करून राहिलो आपण.”

पुढे मॅडमनी जे केलं ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दसारामजी गुळगुळीत फरशीवर घाबरत, खाली बघत, अंग ताठ करत. मॅडमनी दवाखान्याच्या अंगणात शेतातली माती आणवून धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून घेतला. दोन बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधे असतो तसाच. आधी बैलगाडी जाईल एवढा रुंद, मग हळूहळू अरुंद. धानाच्या शेतात जन्म गेलेली पावलं त्या मातीवर पडली आणि घोटे आपोआप कामाला लागले. दसारामजींची नजर वर आली. “कोनाच्या शेतात आणलं मले?” म्हणून ते हसलेसुद्धा. कडेनं मी चालत असे, हात तयार ठेवून, न लावता. त्यानंतर गोरेगावपासून अर्जुनीपर्यंतची जिल्ह्यातली किती माणसं त्या धुऱ्यावरून आपापल्या घरी चालत गेली.

वॉर्डातून सुटी झाल्यावर केशोरीहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून मॅडमनी या जोडप्याला गोंदियालगत फुलचूरच्या स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. सगुणाबाई मॅडमच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या: “म्याडम, तुमची भाजी खाऊन लकवा नाही झाला तं नवल!” मॅडमनी चूल त्यांच्या ताब्यात दिली आणि वर रोज संध्याकाळी त्यांची पाठ शेकून दिली. नवऱ्याला उचलून उचलून त्या बाईची पाठ मोडली होती, हे इतक्या दिवसांत दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता मला ते सांगायचं आहे, ज्यासाठी मी हा लेख लिहायला होकार दिला.

काही वर्षांपूर्वी व्यवस्थापनानं आमचा विभाग तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर नेला. अंगणातला धुरा खोदून काढला, सिमेंटचे गट्टू बसवले आणि गाड्या लावायला जागा केली. इमारतीला लिफ्ट नाही. लकव्याचे रुग्ण वर कसे येणार, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं: स्ट्रेचर आहे, उचलून न्या. चालायला शिकायला आलेल्या माणसाला उचलून न्यायचं! हे उत्तर देताना कोणाची जीभ अडखळली नाही. मी तिथंच उभी होते.

त्या सुमारास दसारामजी तपासणीला आले होते. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. अंगणात थांबून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“आपला धुरा कुठं गेला वो बाई?”

मी गाड्यांकडे बोट दाखवलं.

“वा रे वा! माणसायले वर धाडलं अन् गाड्यायले खाली ठेवलं!”

मॅडम माझ्यासारख्या चिडल्या नाहीत. दसारामजींना बघून त्या खाली आल्या आणि व्हरांड्यातच त्यांना उभं करून तपासलं. तेव्हापासून त्या दर रुग्णासाठी जिना उतरतात. आता त्यांचे गुडघे दुखतात. जिन्याच्या कठड्यावर त्यांचा हात घट्ट आवळलेला मला दिसतो. साठाव्या वर्षी त्यांना शाल मिळणार आहे, तीही वरच्याच सभागृहात, जिथं त्यांचे रुग्ण पोचू शकत नाहीत. त्यांचा गौरव करणाऱ्यांत धुरा खोदायला सांगणारेही बसलेले असतील.

मॅडम, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो. तुमची पावलं पुष्कळ वर्षं मातीवर पडोत, आणि जिथं तोल जाईल तिथं एक न लागणारा हात जवळ असो.

व्यवस्थापनाला माझी एकच विनंती आहे. शाल राहू द्या. अंगणातली एका गाडीपुरती जागा मोकळी करा, तेवढे गट्टू काढा. माती आम्ही आणू, धुरा आम्ही घालू. तुम्ही नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यांच्यासाठी हा ग्रंथ निघतो आहे, त्यांच्यासमोर नाही म्हणा.