गाळलेलं ‘म्हणत’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? आता गप्प बसवत नाही, एवढंच.

मी सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. येशूनंतर साठेक वर्षांनी लिहिणारा एक ज्यू इतिहासकार माझ्या फार आवडीचा. तो ख्रिस्ती नव्हता, म्हणूनच येशूबद्दलची त्याची साक्ष मोलाची. पुढे भाविक नकलनवीसांनी त्याच्या लिखाणात पदरचं घुसवलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या नकलनवीसांची मी वर्गात यथेच्छ टिंगल करायचो.

मग आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाची पुस्तिका निघाली. त्याच इतिहासकाराचा, याकोबाला मारलं तो उतारा मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. हा याकोब कोण? तर मुळात आहे — ज्याला ख्रिस्त म्हणत, त्या येशूचा भाऊ. मी लिहिलं — ख्रिस्त येशूचा भाऊ. ‘म्हणत’ गाळलं. चुकून? नाही हो. ‘म्हणत’ वाचलं की आपल्या कानाला ‘म्हणे’ ऐकू येतं — लोक म्हणे, खरंखोटं कुणाला ठाऊक. मला वाहवा हवी होती, शंका नको होती.

आमच्या मंडळीत वडूजचे एक निवृत्त सुभेदार आहेत. दर रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ तेच वाचायचे, खणखणीत. पुस्तिकेच्या प्रकाशनाला ते त्या उताऱ्याची इंग्रजी प्रत घेऊन उभे राहिले.

“सर, हितं ‘म्हणत’ असं हाय. तुमच्यात न्हाई दिसत.”

हो म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी हसून म्हणालो, “सुभेदार, बंदुकीचं इंग्रजी वेगळं आणि ग्रंथाचं वेगळं.” सगळे हसले. तेही हसले — आणि खाली बसले.

त्यानंतर ते वाचायला कधी उभे राहिले नाहीत. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणतात. आजही मागच्या बाकावर बसतात, मला पाहिलं की आधी हात जोडतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही. लाज वाटते.

पण खरी गोष्ट अजून — ती सांगायचीच राहिली.

त्याच आठवड्यात ते माझ्या घरी आले होते. पिशवीत रानातल्या शेंगा. बसले नाहीत, दारातच म्हणाले, “सर, माजं इंग्रजी कच्चं. चारचौघांत तुमास्नी बोलायला नको हुतं. लय चुकलं. माफ करा.”

शेंगा मी ठेवून घेतल्या. आणि त्यांना — माफ केलं.