तेरमध्ये भारत जिंकला होता

माझी रूममेट सारिका भारताच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळून परदेशातून आली, ती सगळे सामने हरून. आल्यापासून गावाचा, म्हणजे तेरचा, विषय काढला की भांडी घासायला घ्यायची. जाताना तिचे वडील, आबा, म्हणाले होते, "येवढं खेळून ये, मग स्थळं बघू." तिला अजून एक वर्ष खेळायचं होतं, ते मागणार कुठल्या तोंडानं? शेवटी मीच गाडी काढली. मैत्रिणीचं दुःख आपल्या जागी, पण पौषातला हुरडा चुकवणं मला जमत नाही.

पुण्याहून पहाटे निघालात तर टेंभुर्णीपर्यंत गाडी नुसती पळते. पुढं कुर्डुवाडी, बार्शी, येडशी. नाश्ता बार्शीतच उरका. येडशीनंतर उसाची ट्रॉली पुढं आली तर चिडू नका, दोन्ही बाजूंची ज्वारी बघा. पेट्रोल आणि टोल धरून जाऊन-येऊन पाच हजारांच्या आत भागतं.

वेशीतच हलगी वाजत होती. सारिकाच्या आईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. कुणीतरी फेटा बांधला.

"हे कशासाठी, काका?" मी तिच्या चुलत्यांना विचारलं.

"जिंकून आलीया की! पारावर बसून समद्या गावानं मोबाइलवर बघितलं. विंग्रजी कळंना म्हणून आवाज बंद केला. आमची पोरगी एकेकीला अशी धरून पाडायची, लई पकडी केल्या."

मग उलगडा झाला. तेर कबड्डीचं गाव. पकड केली की गुण, हा इथला हिशेब. या खेळात मात्र चेंडू घेऊन पळणारीला नुसतं अडवायचं असतं, त्याला गुण नाही. आणि चेंडू सारखा समोरच्यांकडेच असल्यामुळं आमच्या पोरींना सारखं पाडावंच लागत होतं. गावानं त्यालाच विजय धरला.

"कोपऱ्यात आकडे होते ना?"

"त्ये घड्याळ असंल म्हणलं."

मला हसू आवरेना, पण सारिकाचा चेहरा पांढरा पडला होता. ती फेट्यासकट उभी राहिली. "आबा, आमी हरलो. समदे सामने."

हलगी थांबली. सगळे आबांकडं बघायला लागले. आबा तरणेपणी कबड्डीत कोपऱ्यावर उभे राहून पकडी करायचे.

"त्या आडदांड पोरीला पाडत होती, ती तूच ना?"

"व्हय."

"परत परत उठून?"

"व्हय."

"मग बस की. जेवा आधी."

एवढंच बोलले. पिठलं-भाकरी आणि शेंगांची चटणी असं जेवण झालं. मी किती खाल्लं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलं पुराणवस्तू संग्रहालय पाहिलं. सुट्टीचा वार विचारून जा. तेरचा माल एके काळी समुद्रापार जायचा, हे तिथं कळतं. "तवा तरी आमचं गाव जिंकत असंल," सारिका पुटपुटली. दुपारी रानात आगटीवर हुरडा भाजला. आबांनी तिला नांगरटीत पकड करून दाखवायला लावली. चुलते उत्साहानं पुढं आले आणि ढेकळात आडवे झाले. आबा पोट धरून हसले. अजून वर्षभर खेळण्याचा विषय मात्र तिनं काढला नाही, त्यांनीही नाही. परतताना ती टेंभुर्णीपर्यंत फेट्याची घडी घालत आणि मोडत बसली. मला तिची काळजी वाटत होती आणि तिचा थोडा रागही येत होता.

घरी आल्यावर मी जमाखर्च मांडला: पोट भरलं, मन भरलं, एक प्रश्न तसाच राहिला. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला, तो मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"बार्शीचे पाव्हणे येनार व्हते बघायला. तुजे आबा त्यास्नी म्हणले, पोरगी सरावाला गेलीया, पुढल्या साली या."

सारिका हातातलं भांडं तसंच ठेवून जवळ आली. मागून आबांचा आवाज आला, "तिला इचार, पाडल्याला गुण का देत न्हाईत?"

मी नियम समजावायला तोंड उघडलं, तर तिनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. रडत होती आणि हसतही होती.

"देतेत की, आबा," ती म्हणाली. "तेरात देतेत."