पेढे कुणी वळले

खवा भाजल्याचा वास आला की मला निमगाव केतकीतलं नणंदेचं डोहाळजेवण आठवतं. खवा थोरल्या जावेनं भाजला, पण पेढे मी वळले, पिकलेल्या बोटावरची चिंधी सोडून. तरी बायका तिलाच म्हणत होत्या, "काय चव हाय गं तुज्या हाताला!" मी नुसती जळत होते. संध्याकाळी घरभर उलट्या सुरू झाल्या, गरोदर नणंदेला तर सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "पिकलेल्या जखमेतले जंतू खाण्यात विष सोडतात. पेढे कुणी वळले?" मी हात पदराखाली घेतला. "म्याच," जाऊ म्हणाली. सकाळी माझ्या बोटाला चिंधी तिनंच बांधली होती. नणंद बरी झाली, बाळही धडधाकट आहे. मला मात्र जावेच्या त्या एका शब्दाचा अजून हेवा वाटतो.