दामले, कांबळे आणि व्हार्निशचा डबा

कारखान्यात भंगार आणि किस्से आपोआप साठतात. भंगार विकता येतं, किस्से मित्रांनाच सांगावे लागतात.

जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून मी परतले तेव्हा वाटलं होतं, इथे कारखानदार एकमेकांच्या वाईटावर असणार आणि सरकार सगळ्यांच्याच. निघालं भलतंच. ठाकूरद्वारला माझे काका, दामले, रेडिओ बनवत. भोईवाड्यात कांबळे. दोघे हाडाचे स्पर्धक. सरकारी खात्यातले कर्णिकसाहेब त्यांना म्हणाले होते, "खेड्यांसाठी देशी सेट घेऊ. पण एकाच्या भरवशावर परदेशी सेटची आयात बंद करता येणार नाही. आमच्या चाचण्यांत दोघंही पास व्हा." नाहीतर दोन्ही कारखान्यांना टाळं. मी काकांकडे तात्पुरती हाताखाली होते; मला जर्मनीत नोकरी होतीच, परतीच्या बोटीचं तिकीटही काढलेलं.

*

दोघांचे स्क्रू वेगळे. साहेबांनी दोघांना खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी घातली. "एक माप ठरलं की हाक मारा."

चार चहा झाल्यावर काका बाहेर आले. "स्क्रू त्याचा. स्क्रूड्रायव्हर माझा."

*

एकाचा माल दुसऱ्याने तपासायचा, हाही साहेबांचाच नियम. काकांनी कांबळ्यांचा सेट टेबलावरून खाली ढकलला.

"दामले, गिऱ्हाईक सेट असा ठेवतं?"

"खेड्यात तो बैलगाडीतून जाणार आहे, पालखीतून नाही."

*

शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. अॅम्प्लिफायर काकांचा, कर्णे कांबळ्यांचे. पार मागे, गर्दीत, कर्णिकसाहेब दिसले. सरकारी माणूस, सरकारविरुद्धच्या सभेत.

"साहेब, तुम्ही?"

"मी फक्त आवाज तपासायला आलोय," म्हणाले, आणि घोषणेला हात वर केला.

*

शेवटची चाचणी वाफेच्या कपाटातली, सेटला पावसाळा सोसतो का ते पाहायची. काकांचा सेट वाजत राहिला, कांबळ्यांचा मुका झाला. ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल शिरली होती. साहेबांनी आणखी एक संधी दिली, एकच.

काकांच्या ट्रान्सफॉर्मरला ओल लागत नसे ती तारेच्या गुंडाळीला लावायच्या त्यांच्या व्हार्निशमुळे. ते कसं करतात, हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. "उद्या तू कुठल्या कारखान्यात जाशील, कोणी सांगावं?"

त्या संध्याकाळी काका व्हार्निश शिजवायचा डबा घेऊन भोईवाड्यात गेले. मी मागोमाग. कांबळ्यांच्या कारखान्यात जमिनीवर मांडी घालून, सगळ्या कामगारांसमोर त्यांनी व्हार्निश शिजवलं. काय, किती, ते मोठ्याने सांगत.

कांबळ्यांनी काडीने एक थेंब उचलून पाहिला. मग म्हणाले, "दामले, आता बाजारात मी तुम्हाला सोडणार नाही."

"सोडलंत तर डबा परत नेईन."

कांबळ्यांचा सेट पुन्हा कपाटात गेला, आणि वाजतच बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीचं तिकीट रद्द केलं आणि कामावर हजर झाले. भोईवाड्यात.