शेऱ्याची चौकट

सेतुराव गेल्याची बातमी आमच्या मराठी वर्गाच्या ग्रुपवर आली तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मीही लिहून टाकलं, ‘एक जिद्दी विद्यार्थी हरपला.’ महिना होऊन गेला, ते वाक्य आठवलं की अजून शिसारी येते.

वेलचेरीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रविवारी मराठी शिकवतो. येतात ती बहुतेक नोकरीसाठी इथे, तमिळ मुलखात, आलेल्या मराठी माणसांची मुलं. सेतुराव एकटेच सत्तरीचे. तंजावरी मराठी घरातले, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मराठी जन्मभर बोलले, पण लिहिता-वाचता यायचं ते तमिळ आणि इंग्रजी. “आईवर लिहायचं आहे, सर. मी गेल्यावर आमच्या घरांत तिची भाषा कोणाला येणार?” एवढीच त्यांची निकड. माझा नियम असा, की गृहपाठाखाली पट्टीने चौकट आखायची आणि वर ‘शेरा’ लिहायचं. सेतुरावांची चौकट सगळ्यांत सरळ असे.

पहिलाच निबंध त्यांनी दोन पानं लिहिला. आई गच्चीवर वडाम, म्हणजे सांडगे, वाळत घालायची आणि कावळ्यांना सासरच्या एकेका माणसाच्या नावाने हाकलायची... असं माझ्या वर्गात कोणी कधी लिहिलं नव्हतं. मला मात्र दिसले ते फक्त तमिळ शब्द आणि पणजीच्या काळातली बोली. मी तो मोठ्याने वाचला, त्यांच्याच हेलात. नक्कल छान जमते मला. मुलं खिदळली, तसा मला चेव आला. चौकटीत लाल शाईने लिहिलं, ‘याला मराठी म्हणत नाहीत.’

सेतुराव हसले. “परवाइल्लै, सर,” म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. मी ते खरं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. पुढच्या रविवारपासून ते आलेच नाहीत. यावर मी काय बोललो, तर या वयात चिकाटी राहत नाही! किती निलाजरा असतो माणूस.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने, कमलाने, कॉफी दिली आणि वही पुढे ठेवली. “अप्पा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, सर. मग म्हणायचे, अजून नीट नाहीं झालं, पुढच्या आठवड्यांत दाखवतों.”

तोच निबंध त्यांनी पुन्हा पुन्हा उतरवला होता, दर वेळी काहीतरी गाळून. आधी वडाम गेले, मग गच्ची, मग सासरची माणसं आणि कावळे... जिथे जिथे मी हसलो असतो ते सगळं त्यांनी वेचून काढलं होतं. शेवटच्या पानावर दोनच ओळी उरल्या होत्या. ‘माझी आई चांगली होती. ती स्वयंपाक करत असे.’

खाली पट्टीने आखलेली चौकट होती, वर ‘शेरा’. आत कोरी. कमलाने पेन पुढे केलं. “आतां बरोबर आहे ना, सर?”

बरोबर होतं. आई मात्र त्यात कुठेच उरली नव्हती.